न काढलेली डिस्क

ताराचंद गजभिये यांच्याकडे बिघडलेली वस्तू घेऊन येणाऱ्याला आधी खुर्ची मिळे, मग पाण्याचा गिलास, आणि त्यानंतरच विचारपूस होई. तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतल्याशिवाय पेचकस उचलायचा नाही, हे त्यांनी तंत्रनिकेतनात पदविका घेताना शिकून घेतलं होतं आणि पुढे आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवताना चौतीस वर्षं पोरांच्या गळी उतरवलं होतं. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, वय चौऱ्याहत्तर झालं, तरी क्रम बदलला नव्हता. म्हणून मे महिन्यातल्या त्या सकाळी, नागपुरातल्या प्रताप नगरातल्या त्यांच्या घराच्या पायऱ्या चढून एक म्हातारी बाई आली आणि तिच्यामागून ऑटोवाल्याने जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं आणून ठेवलं, तेव्हाही त्यांनी गाठोड्याकडे न पाहता खुर्ची पुढे केली.

“जय भीम, सर,” पाणी पिऊन झाल्यावर बाई म्हणाली. “मी संघपालची माय. रुखमाबाई वासनिक. लकडगंजहून आली.”

संघपाल वासनिक. शहाण्णव-अठ्ठ्याण्णवची बॅच. ताराचंदांना हजेरीपटातला क्रमांकसुद्धा आठवला. किडकिडीत पोरगा, सोल्डरिंगचा डाग देताना श्वास रोखून धरायचा; त्याने दिलेला डाग चांदीच्या थेंबासारखा गोल आणि स्वच्छ बसे. वर्गात उभा राहून उत्तर द्यायचा ते अगदी शुद्ध, पुस्तकात छापल्यासारखं. पाच-सहा वर्षांनी तो तापाने गेल्याचं कानावर आलं होतं. तेव्हा परीक्षा चालू होत्या. भेटायला जायचं म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

“आठवते न तुम्हाले?” रुखमाबाईंनी विचारलं. “घरी तुमचंच नाव घेये तो. गजभिये सर असं म्हणते, गजभिये सर तसं म्हणते. मी म्हणो, जाय मंग, त्याहीच्याच घरी जेव.”

ताराचंदांनी मान हलवली.

गाठोडं सुटलं. आत व्हीसीडी प्लेअर होता. एकेकाळी घरोघरी टीव्हीखाली दिसणारा, आता भंगारवालाही उचलताना तोंड वाकडं करील असा. काळा पत्रा, पुढे चंदेरी पट्टी, बटणांवरची अक्षरं पुसलेली. पण मशीन स्वच्छ होतं. कुणीतरी ते वर्षानुवर्षं पुसत आलं होतं.

“बिघाड काय आहे?”

“बिघाड मले काय समजते? सांगतो कसं झालं ते.” रुखमाबाईंनी पदर सावरला. “दोन हजार तीनची गोष्ट हाय. दीक्षाचं, माह्या पोरीचं, लग्न झालं. संघपालनं स्टेजवर बोलाचं सारं काम केलं अन् शेवटी गाणं म्हटलं. त्या लग्नाची ही डिस्क. रविवारी आम्ही सारे पाहाले बसलो, त्यानं डिस्क आत टाकली, तं मशीन नुसतं घरघर करे. डिस्क फिरेच ना. तो म्हणे, माय, उद्या खोलून पाह्यतो. सोमवारी त्याले ताप आला. शुक्रवारी गेला.”

ताराचंदांनी मशीनवर हात ठेवला. “म्हणजे डिस्क अजून आतच आहे?”

“आतच हाय. एकवीस वर्षं झाले, कोणाले हात लावू देला नाही.”

“दुसरी प्रत? फोटोवाल्याकडे, मुलीकडे?”

“फोटोवाल्यानं एकच देली. बाकीच्या देतो-देतो म्हणे, अन् त्याच साली दुकान बंद करून गेला. कोठी गेला, पत्ता नाही.”

“मग इतक्या वर्षांनी आत्ताच काहून...” घरच्या बोलीतला शब्द निसटला तसा ताराचंदांनी सावरून घेतला. “आत्ताच दुरुस्त करावंसं का वाटलं?”

रुखमाबाईंनी आपल्या कानाला बोट लावलं.

“आवाज नाही येत न त्याचा आता. चेहरा दिसते. चालणं दिसते. सपनात येते, तोंड हालवते, पण आवाजच नाही. मागच्या बुद्धपौर्णिमेपासून असं होऊन राहिलं. पह्यले वाटलं, कान गेले माहे. दीक्षानं डॉक्टरले दाखवलं, तं कान बराबर हाय म्हणते. दीक्षा मले मनीषनगरले नेऊन राहिली तिच्या घरी. जाच्या आधी ते गाणं ऐकाचं हाय मले. एक डाव ऐकलं का मंग नाही इसरणार.”

ताराचंदांनी कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहायला सुरुवात केली: वस्तू, मालकाचं नाव, तक्रार. तेवढ्यात रुखमाबाईंनी चिठ्ठीवर पंजा ठेवला.

“एक गोष्ट लिहा. डिस्क काढाची नाही. त्याच्या हातानं ठेवली हाय ती. जशी हाय तशीच चालली पाह्यजे.”

ताराचंदांना सांगायचं होतं की बाई, हे उलटं आहे. गिऱ्हाइकाची मोलाची चीज आधी बाहेर काढून सुरक्षित ठेवायची आणि मग यंत्राला हात लावायचा, हा कामाचा पहिला नियम. डिस्क काढली, संगणकात घातली, नक्कल करून ठेवली, म्हणजे यंत्र जगो की मरो. ते सगळं जिभेवर आलं होतं. पण समोर जी बाई बसली होती तिचा पोरगा गेला तेव्हा ते एकवीस वर्षांपूर्वी भेटायला गेले नव्हते.

“नाही काढणार,” ते म्हणाले, आणि चिठ्ठीवर तसं लिहिलं.

ऑटो गेल्यावर त्यांच्या पत्नी वंदनाबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“घरचा कूलर आठ दिवसांपासून टपटप करून राहिला, त्याले हात लावाले तुम्हाले फुरसत नाही,” त्या म्हणाल्या. “अन् हे डबडं आलं तं लगेच चष्मा चढला.”

“कूलर उद्या पाहतो.”

“उद्या! तुमच्या उद्यात आपण सुकून जाऊ.” मग मशीनकडे पाहत त्यांचा आवाज उतरला. “ऐका माझं. डिस्क काढून ठेवा आधी. काम झालं की परत ठेवून द्या. तिले काय समजते?”

“तिला समजणार नाही, म्हणून तर काढता येत नाही,” ताराचंद म्हणाले. “शब्द दिला आहे.”

वंदनाबाईंनी खांदे उडवले आणि कूलरखाली बादली सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, त्यांनी वरचा पत्रा काढला. सहा स्क्रू क्रमाने सहा खणांच्या डबीत ठेवले. आत डिस्क होती. तिच्यावर निळ्या मार्करने ‘दीक्षा’ असं लिहिलेलं. अक्षर त्यांनी ओळखलं. ‘क्ष’ची गाठ संघपाल अशीच घालायचा, त्याच्या प्रॅक्टिकलच्या वहीत ‘दक्षता’ हा शब्द पानापानावर असे.

बिघाड शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. डिस्कवरून एक प्लास्टिकचा दांडा आडवा गेलेला असतो. त्याच्या टोकाला चुंबकाची चकती असते. तो दांडा खाली आला की चकती डिस्कला मधोमध दाबून धरते आणि मगच डिस्क मोटारीबरोबर फिरते. हा दांडा मागच्या बाजूला दोन प्लास्टिकच्या खुंट्यांवर हलतो. त्यातली डावी खुंटी बुडापासून तुटली होती. दांडा तिरपा झाला होता, चकती डिस्कवर बसत नव्हती, मोटार नुसतीच खाली फिरत होती. बस, एवढंच. संघपालने सोमवारी खोललं असतं तर त्यानेही अर्ध्या तासात ओळखलं असतं.

तुटलेली खुंटी खालच्या सांगाड्याबरोबर एकाच साच्यात ओतलेली होती. वेगळी काढून टेबलावर घ्यावी अशी ती नव्हती, दुरुस्ती जागेवरच करायची होती. आणि जागा होती डिस्कच्या मागच्या काठापासून जेमतेम बोटभर अंतरावर.

त्यांनी उपाय कागदावर मांडले. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो, खुंटीवर दांड्याचा झटका रोज बसणार, तो महिनाभरही टिकणार नाही, तो खोडला. स्क्रू घालावा तर बुडाचं प्लास्टिक जुनं, चिरफळणार, तेही खोडलं. उरला तिसरा. त्याच जातीच्या प्लास्टिकची नवी खुंटी करायची, आतून पितळेचा बारीक खिळा द्यायचा आणि क्लोरोफॉर्मने जोड वितळवून एकजीव करायचा. अॅक्रिलिकच्या पाट्या बनवणारे करतात तसं. वितळून बसलेला जोड चिकटवलेल्या जोडासारखा सुटत नाही.

निकामी झालेल्या कीबोर्डचं झाकण त्यांनी कापलं. त्यावर क्लोरोफॉर्मचा थेंब टाकून पाहिला; प्लास्टिक मऊ पडून चिकट झालं. मशीनच्या सांगाड्याच्या एका कोपऱ्यात काडीने तसाच थेंब लावून पाहिला; तेही तसंच. एकच जात. मग कानशीने घासत, व्हर्नियरने मोजत, त्यांनी खुंटी घडवली. पहिली जाड झाली. दुसरी मोजमापात बसली, पण उजेडासमोर धरली तेव्हा तिच्यात केसासारखी चीर दिसली. तिसरी साधली. यात दोन दिवस गेले. वंदनाबाई दोनदा चहा ठेवून गेल्या आणि दोनदा थंड कप उचलून घेऊन गेल्या.

“म्युझियममदी ठेवता का त्या खुंटीले?”

“वीस वर्षं चालली पाहिजे ती.”

“अन् तिच्याजवळ वीस वर्षं हायेत का?” वंदनाबाई म्हणाल्या. मग आपणच जीभ चावली आणि आत गेल्या.

बुडाला भोक पाडताना प्लास्टिकचा भुसा डिस्कवर पडू नये म्हणून त्यांनी बटर पेपर गोल कापून डिस्कवर अंथरला. हातड्रिल बोटांनीच फिरवलं. खिळा बसवला, खुंटी बसवली. क्लोरोफॉर्ममध्ये प्लास्टिकचा कीस विरघळवून केलेली लापशी काडीच्या टोकाने जोडाभोवती भरली. एकही थेंब डिस्ककडे ओघळू दिला नाही. डिस्कचं प्लास्टिक वेगळ्या जातीचं असतं आणि क्लोरोफॉर्म लागला की ते कायमचं दुधाळ होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर काडी धरलेल्या हाताखाली त्यांनी दुसरा हात आधाराला घेतला होता.

जोड पक्का व्हायला एक दिवस पुरतो. त्यांनी दोन दिले. त्यात संध्याकाळी धुळीची वावटळ उठली, कूलरची ओल खोलीभर पसरलेली होतीच; उघड्या यंत्रात धूळ आणि दमट हवा जाऊ नये म्हणून त्यांनी पत्रा परत बसवला, सहाही स्क्रू आवळले, आणि वरून जाड टॉवेल घट्ट गुंडाळला.

दोन दिवसांनी पत्रा काढला तेव्हा आतून गोडसर वासाचा लोट नाकात गेला. वास कोंडला होता, एवढंच त्यांच्या मनात आलं. खुंटी दगडासारखी घट्ट बसली होती. बटर पेपर काढला. वरून डिस्क लखलखीत होती. कामाच्या खोलीत जपून ठेवलेल्या जुन्या पेटी-टीव्हीला मशीन जोडून त्यांनी बटण दाबलं. चकती बसली, डिस्क फिरली, आकडा उमटला: एक तास आठ मिनिटं. पडद्यावर मांडवाची कमान आली, निळे झेंडे आले. ताराचंदांनी लगेच बंद केलं. पुढचं पाहायचा अधिकार आपला नाही, असं त्यांना वाटलं.

त्यांनी फोन केला. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कूलरसुद्धा दुरुस्त केला.

रुखमाबाई आल्या त्या पांढरं धुतलेलं लुगडं नेसून, विहारात जाताना नेसतात तसं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्या खाली चटईवर बसल्या, म्हणून वंदनाबाईही चटईवर बसल्या. ताराचंद मशीनजवळ स्टुलावर.

“काढली तं नाही न?” रुखमाबाईंनी विचारलं.

“नाही काढली.”

डिस्क सुरू झाली. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. बुद्धवंदना सुरू झाली तशा दोघी बायकांचे ओठ हलू लागले. मग माणसं येत गेली आणि रुखमाबाई बोटाने दाखवत गेल्या. हा दीर, गेला. ही नणंद, गेली. ही शेजारीण, आहे, पण ओळखत नाही कोणाले. हा नवरदेव, कसा सुकट दिसे पाहा, आता पोट सुटलं. वंदनाबाई हसल्या, रुखमाबाईही हसल्या. मधूनच एक किडकिडीत तरुण पांढऱ्या शर्टात कॅमेऱ्यासमोरून पळत जाई, कधी खुर्च्या उचलत, कधी वायर ओढत. तो दिसला की रुखमाबाई गप्प होत. तो कुठेच बोलत नव्हता. फोटोवाल्याने सगळीकडे सनईचं संगीत भरून ठेवलं होतं.

“शेवटी हाय,” त्या म्हणत. “शेवटी आवाज हाय. तेथी बाजा नाही लावला, असं फोटोवालाच म्हणे.”

एक तास पाच मिनिटं. संगीत थांबलं. पडद्यावर जेवण उरकून बसलेले पाहुणे होते आणि माईकमधून आवाज आला, थोडा घुमणारा, ठाम, प्रत्येक शब्द सुटा:

“उपस्थित मान्यवर, बंधू आणि भगिनींनो, कार्यक्रमाच्या समारोपाप्रसंगी, माझ्या मातोश्रींच्या आवडीचं एक गीत सादर करण्याची मी आपणा सर्वांची अनुमती घेतो.”

ताराचंद स्टुलावरून पुढे झुकले. वर्गातला आवाज. उभा राहून, हात मागे बांधून, तोच.

“हा कोण बोलून राहिला?” रुखमाबाईंनी विचारलं.

वंदनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “अवं, तुमचा संघपालच न.”

“नाही वं. असा नव्हता बोलत तो.”

कोणी काही म्हणायच्या आत चित्र अडखळलं. पडद्याचे चौकोन चौकोन झाले, आवाजाचा एक तुकडा खटखट वाजत राहिला आणि सगळं गोठलं. थोड्या वेळाने पडदा निळा झाला.

“गाणं?” रुखमाबाई म्हणाल्या.

ताराचंदांनी मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच वाक्य आणि पुन्हा तेच. गाण्याची ओळ नाही, सूर नाही. पुढे ढकलून पाहिलं तर मशीन लगेच निळं. त्यांनी मशीन बंद केलं, पत्रा उघडला.

“आता काढावी लागेल,” ते म्हणाले. “पाहिल्याशिवाय कळणार नाही.”

रुखमाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. बराच वेळ त्या निळ्या अक्षराकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “द्या, मीच काढतो.” त्यांनी दोन बोटांनी डिस्क उचलली आणि ताराचंदांच्या हातात दिली.

ताराचंदांनी ती उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. खालच्या बाजूला, मागच्या काठाशी, चंद्रकोरीएवढा पट्टा पांढुरका झाला होता, काचेवर श्वास सोडावा तसा. त्यांनी मऊ कापडाने हलकेच पुसून पाहिलं. गेला नाही. वर बसलेला डाग नव्हताच तो. प्लास्टिकच्या अंगात शिरला होता, बारीक बारीक चिरांचा.

सगळं त्यांना एका क्षणात उलगडलं, ओळीने, जसं फळ्यावर लिहावं तसं. क्लोरोफॉर्मची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली बसते. त्यांनी डिस्कची वरची बाजू झाकली. यंत्र वाचतं ती खालची बाजू. त्यांनी थेंबाचा विचार केला, वाफेचा केला नाही. आणि धूळ जाऊ नये म्हणून झाकण लावलं, टॉवेल गुंडाळला, एक दिवस पुरत होता तिथे दोन दिले. डिस्क आतून बाहेरच्या काठाकडे वाचली जाते; काठावर होता तो शेवट. एखाद्या निष्काळजी कारागिराने झाकण उघडं टाकून दिलं असतं तर डिस्कवर फार तर धूळ बसली असती. ती फुंकरीने गेली असती.

त्यांनी तरीही संगणकात डिस्क घालून पाहिली. संगणकाने घरघर केली, तिथवर आला आणि थांबला. दुसऱ्यांदाही तिथेच.

“जुनी झाली होती न,” वंदनाबाई हळूच म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांनी वाट करून दिली होती, हे ताराचंदांना कळलं. मान हलवली असती तर तिथेच संपलं असतं. एकवीस वर्षं, नागपूरचं ऊन. कोणीही मानलं असतं.

“नाही,” ते म्हणाले. “रुखमाबाई, जोडाला जे द्रावण वापरलं त्याच्या वाफेचा परिणाम खालच्या पृष्ठभागावर...”

“मले नाही समजत ते. साधं सांगा.”

ताराचंदांनी डिस्क टेबलावर ठेवली. इतकी वर्षं कमावलेली भाषा त्यांच्या तोंडातून गळून पडली.

“डिस्क चांगली होती. माह्या हातानं खराब झाली. गाणं होतं तिच्यात. आता नाही.”

बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा ओरडत गेला. रुखमाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. रागाने नाही, रस्ता विचारायला आलेलं माणूस भलत्याच दारासमोर उभं राहावं, तसं.

“तुम्ही तं सर होते,” त्या म्हणाल्या.

वंदनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“मीच म्हटलं होतं, काढू नका म्हणून,” रुखमाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

“तुम्ही म्हटलं. पण समजत मले होतं.”

रुखमाबाई चटईवर परत बसल्या, पाय दुमडले. ताराचंदांना वाटलं, आता या रडतील, किंवा उठून जातील. पण त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

“तो जो बोलला, तो खरंच संघपालच हाय?”

“हो. तोच आहे.”

“तुम्ही कसे वळखता?”

“वर्गात असाच बोलायचा तो. दोन वर्षं ऐकला आहे मी.”

“घरी नव्हता बोलत असा. घरी मले मातोश्री-बितोश्री नाही म्हणे. बुढे म्हणे मले. बुढे, जेवाले दे. गाणं म्हणताना पण घरच्यावानीच म्हणे.” त्या ताराचंदांकडे वळल्या. “तुम्ही ऐकलं का त्याचं गाणं कधी?”

“नाही,” ताराचंद म्हणाले. “तो गातो हे मला माहीतच नव्हतं.”

खरं तर तेच सर्वांत वाईट होतं. उरला तो त्यांच्या ओळखीचा आवाज होता. तिच्या ओळखीचा होता तो गेला.

“लावा पुन्हा,” रुखमाबाई म्हणाल्या. “जेवढं हाय तेवढं लावा. ऐकता ऐकता वळख होईल.”

डिस्क त्यांनीच परत ठेवली. ताराचंदांनी लावलं. उपस्थित मान्यवर, बंधू आणि भगिनींनो. गोठलं. मागे घेतलं. पुन्हा. रुखमाबाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि प्रत्येक वेळी मान हलवत होत्या, नाही, नाही. चौथ्या वेळेनंतर वंदनाबाई उठून चहा करायला गेल्या, त्यांच्याने बसवेना. ताराचंदांनी मोजणं सोडून दिलं होतं. यंत्र त्याच जागी वेगवेगळ्या तऱ्हेने अडत होतं, कधी वाक्य संपताच, कधी क्षणभर पुढे जाऊन.

“आवाज वाढवा.”

त्यांनी वाढवला.

“अजून. पुरा.”

टीव्हीचा कर्णा थरथरू लागला. शेजारच्या गॅलरीत कोणीतरी डोकावलं. अनुमती घेतो, हे शब्द खोलीच्या भिंतींवर आदळले, आणि या खेपेस यंत्र एक श्वासभर जास्त चाललं. कॅमेरा पाहुण्यांवरून वळून मंचावर आला. संघपालने माईक तोंडापासून दूर धरला होता आणि तो शेजारी बसलेल्या नवरीकडे झुकला होता. माईकच्या बाहेरून, गर्दीच्या गलबल्याखालून, दबका, चिडका, घाईचा आवाज आला:

“दीक्षे, पाणी दे वं. गळा सुकला न माहा.”

रुखमाबाईंनी डोळे उघडले. त्यांचा हात हवेत वर झाला आणि तिथेच राहिला.

पडद्यावर नवरीने गिलास पुढे केला होता. त्याने तो घेतला, तोंडाला लावला, मान मागे टाकली. आणि चित्र अडलं. कडेचे काही चौकोन विस्कटले होते, पण चेहरा शाबूत होता. गळ्याची घाटी वर आलेली, डोळे अर्धे मिटलेले.

ताराचंदांना ठाऊक होतं की अर्ध्या मिनिटात यंत्र हार मानील आणि पडदा निळा होईल. तेवढ्यात मागे घेतलं तर ते वाक्य पुन्हा ऐकवता येईल. त्यांनी बटणाकडे बोट नेलं.

“राहू द्या, सर,” रुखमाबाई म्हणाल्या. “पाणी पिऊन राहिला तो.”